ऑफ द रेकॉर्ड आणि बॅकग्राउंड, किती दिवस घोळ घालणार?

पत्रकाराशी कुणी बोललं की ते छापायचं कसं, हे ठरवायचे हे प्रकार. ऑन द रेकॉर्ड म्हणजे नावासकट छापायचं, ते सगळ्यांना माहितीय, पुढं चला. घोळ आहे तो उरलेल्या दोघांत. आमच्या कोल्हापुरात टेकवर लिहिणारी पोरं, यूट्यूबवाले, आणि खरं सांगायचं तर पुण्या-मुंबईचे मुरलेले पत्रकारसुद्धा ऑफ द रेकॉर्ड आणि बॅकग्राउंड एकच समजून चालतात आणि मग नोकरी जाते ती बोलणाऱ्याची.

ऑफ द रेकॉर्डमध्ये कुलूप माहितीला, बॅकग्राउंडमध्ये नावाला. समजा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यातला आयटीवाला तुम्हाला म्हणाला, की हजेरीच्या मशीनचा सगळा डेटा, कामगारांच्या बोटांच्या ठशांसकट, पासवर्ड नसलेल्या सर्व्हरवर पडलाय. ऑफ द रेकॉर्ड ठरलं असेल तर "एका कर्मचाऱ्याच्या म्हणण्यानुसार" करूनही छापायचं नाही. नाहीच. हां, तीच गोष्ट तुम्ही दुसरीकडनं, त्याचा सुगावा लागू न देता, मिळवलीत तर छापायला मोकळे.

बॅकग्राउंड ठरलं असेल तर बातमी बिनधास्त छापा, फक्त त्याची ओळख काय लिहायची ते त्याच्याशी आधी ठरवा, आणि आपल्याकडं नेमका इथंच दणका बसतो. हजारो माणसांच्या कंपनीत "एक इंजिनियर" लिहिलं तर कुणाला पत्ता लागत नाही, पण आपल्या एमआयडीसीत त्या कारखान्याचं आयटी बघणारा गडीच एक असतोय, तुम्ही "आयटी विभागातील सूत्र" लिहिलं की शिफ्ट सुटायच्या आत सगळ्यांना कळतं कोण बोललं ते. मग नाव लपवून काय उपयोग? "कारखान्याच्या कामाची माहिती असलेली व्यक्ती" असं बेचव लिहा, चालतंय. ती ओळ त्याला वाचून दाखवा. आख्खी बातमी नाही हां, फक्त ती ओळ.

आणि हे सगळं बोलायच्या आधी, दोघांच्या होकारानं ठरतं. सगळं ओकून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवत "साहेब, हे ऑफ द रेकॉर्ड बरं का" म्हटलं म्हणून तुम्ही बांधले जात नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डिनरला उबर या टॅक्सी कंपनीचा बडा अधिकारी एमिल मायकल बोलून गेला, की दहा लाख डॉलर खर्चून पत्रकारांची खाजगी भानगड शोधायला माणसं लावता येतील. तिथं बझफीड या बातम्यांच्या साइटचा संपादक बेन स्मिथ बसला होता, हे ऑफ द रेकॉर्ड आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यानं छापलं. बरोबरच केलं. पण समोर आयुष्यात पहिल्यांदा पत्रकाराशी बोलणारा कामगार असेल तर मी उशिरा म्हटलेलंही ऐकतो, कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआरवाल्याचं नाही.

पीआरवाल्यांवरनं आठवलं, ज्याला बोलायचाच पगार मिळतो त्यानं बॅकग्राउंड मागायचं कशाला? फोन कसा भारी आहे हे "सूत्रांनी" सांगायचं आणि खोटं निघालं की कंपनी नामानिराळी. द व्हर्ज या अमेरिकन टेक साइटनं २०२१ च्या नोव्हेंबरात जाहीरच केलं, की कंपनीच्या वतीनं बोलणारा आधीपासनंच ऑन द रेकॉर्ड धरला जाईल, बॅकग्राउंड हवं असेल तर वाचकांना सांगता येईल असं कारण द्या. मराठी पोर्टलवाल्यांनी हे कधी करायचं?

डीप बॅकग्राउंड नावाचाही एक प्रकार आहे, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा, नादाला लागू नका. सरळ विचारा: हे छापू का? छापलं तर तुम्हाला काय म्हणून लिहू?

शेवटचं, १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) नुसार कौन्सिल, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था, तुम्हाला सूत्राचं नाव सांगायची सक्ती करू शकत नाही, पण ते कौन्सिलपुरतंच, कोर्टाला ते कलम लागू नाही. त्यामुळं शब्द द्यायच्या आधी हेही त्या माणसाला सांगा, आणि त्याचा नंबर "आयटी गोकुळ शिरगाव" म्हणून सेव्ह करून ठेवू नका.