एक कॉलेज अकरावीचं, एक कॉलेज एफवायचं

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात प्रवेशाच्या खिडकीशी हा प्रश्न येतोच. "मॅडम, मी इथलीच आहे. दोन वर्षं इथेच होते. मग परत फॉर्म कशाला?"

विचारणारीचं काही चुकत नाही. फाटक तेच, कँटीनवाले काका तेच, आयकार्डाच्या दोरीवर छापलेलं नावही तेच. पण बारावी संपली त्या दिवशी तिचं त्या संस्थेतलं नाव कटलेलं असतं. आता ती दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलीइतकीच नवी. काही कॉलेजं आपल्याच ज्युनिअरच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना आधी जागा देतात, एवढाच काय तो फरक. फॉर्म मात्र भरावाच लागतो.

हा सगळा घोळ 'कॉलेज' या एका शब्दाने घातलेला आहे. महाराष्ट्रात मूल दहावी पास झालं की आपण पेढे वाटून सांगतो, "आता कॉलेजला जाणार." तेच मूल गोव्यात असतं तर 'हायर सेकंडरी'त गेलं असतं. बेळगावात 'पीयूसी'ला, म्हणजे पदवीपूर्व वर्गाला गेलं असतं. आणि सीबीएसईच्या शाळेतलं शेजारचं मूल त्याच गणवेशात, त्याच बसने, त्याच शाळेत अकरावीला जातं. त्याला कोणी कॉलेजकुमार म्हणत नाही.

आपल्याकडे असं का, याला इतिहास आहे. पूर्वी अकरावी म्हणजे मॅट्रिक, शाळेतला शेवटचा वर्ग. ती ओलांडली की खरंच कॉलेज सुरू व्हायचं. मग कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. मधली दोन वर्षं कुठे शाळांना जोडली गेली, कुठे पदवी कॉलेजांना. कॉलेजच्या इमारतीत भरणाऱ्या अकरावीला लोक कॉलेजच म्हणणार. पुढे शाळेच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या अकरावीलाही तेच नाव पडलं.

सरकारदरबारी मात्र दोन्हींचा संसार वेगळा आहे. ज्युनिअर कॉलेज शालेय शिक्षण विभागाकडे, सीनिअर म्हणजे पदवीचं कॉलेज उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. ज्युनिअरची परीक्षा राज्य मंडळ घेतं, सीनिअरची विद्यापीठ (कॉलेज स्वायत्त असेल तर ते स्वतःच). ज्युनिअरला शिकवणाऱ्यांना खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा लागू असतो. आपण त्यांना प्राध्यापक म्हणत असलो तरी कागदोपत्री ते शिक्षक. गंमत म्हणजे शिष्यवृत्तीच्या खात्यात हीच अकरावी 'मॅट्रिकोत्तर' ठरते. एका टेबलावर शाळा, दुसऱ्या टेबलावर शाळेनंतरचं शिक्षण. मुलांनी गोंधळू नये तर काय करावं?

त्यात मुंबईकडे अकरावीला 'एफवायजेसी' आणि बारावीला 'एसवायजेसी' म्हणतात. बोलताना जेसी (ज्युनिअर कॉलेज) गळून पडतं, आणि पदवीचं पहिलं वर्षही एफवायच. "माझा भाऊ एफवायला आहे" म्हणजे तो सोळा वर्षांचा की अठरा, हे विचारूनच घ्यावं लागतं.

नुसता नावाचा गोंधळ असता तर सोडून दिलं असतं. पण त्यामुळे मुलांना वाटतं की शाळेतून कॉलेजात जाण्याचा उंबरठा आपण सोळाव्या वर्षीच ओलांडलाय. मग अठराव्या वर्षी जो खरा उंबरठा येतो, त्याची तयारी कोणी करतच नाही.

ज्युनिअर कॉलेजात गणवेश बहुधा नसतो, मोबाइल असतो, लेक्चर बुडवता येतं. मुलांना ते स्वातंत्र्य वाटतं. पण नीट पाहिलं तर त्या दोन वर्षांत सगळ्या दोऱ्या दुसऱ्यांच्याच हातात असतात. पुस्तकं मंडळाने ठरवलेली, प्रश्नपत्रिकेचा आराखडा ठरलेला, राज्यभर एकच परीक्षा, सहा विषय, सहाशे गुण, पासाला ३५. क्लासवाले रोज आईच्या मोबाइलवर मेसेज टाकतात, गैरहजर राहिलं की फोन येतो. अकरावीचे गुण बारावीच्या निकालात धरत नाहीत, म्हणून अकरावी विश्रांतीत जाते आणि बारावीच्या शेवटच्या चार महिन्यांत जीव काढून अभ्यास होतो. खरं सांगायचं तर ही पद्धत बऱ्याच जणांना लाभतेही.

एफवायला ती लाभत नाही. तिथे वर्षाऐवजी सहा-सहा महिन्यांची सत्रं असतात. प्रवेश लांबतात, पहिलं सत्र उशिरा सुरू होतं, आणि 'आता बसून वाचू' म्हणेपर्यंत दिवाळीच्या आगेमागे परीक्षा समोर येते. शिवाय सगळे गुण त्या परीक्षेत नसतातच. कुठे ६०-४०, कुठे ७०-३० अशी वाटणी असते, आणि तो लहान वाटा चाचण्या, असाइनमेंट, सादरीकरणं यांतून सत्रभर थोडाथोडा मिळत जातो. हुकला तर शेवटच्या महिन्यात रात्री जागून भरून निघत नाही. बारावीला ८५ टक्के पडलेली मुलं पहिल्या सत्रात आपटतात ती इथेच. हुशारी कमी पडत नाही, ऑगस्टमध्ये वर्गाच्या ग्रुपवर आलेली असाइनमेंटची तारीख त्यांनी पाहिलेलीच नसते.

आणि ती तारीख घरी कोणी कळवत नाही. सीनिअरच्या बहुतेक शिक्षकांना तुमच्या आईचा नंबर माहीत नसतो. ७५ टक्के हजेरीचा नियम दोन्हीकडे आहे. ज्युनिअरमध्ये तो शिक्षकांच्या ओरड्यातून कळतो. सीनिअरमध्ये सत्राच्या शेवटी डिफॉल्टरच्या यादीत नाव दिसल्यावर कळतो.

इथे 'टाय-अप'बद्दल बोललंच पाहिजे. नाव ज्युनिअर कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला आणि हॉलतिकिटाला. २०१८ साली सरकारने सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती यासाठीच. तरी प्रकार थांबलेला नाही. नीट, जेईईच्या निकालाचं मी बोलत नाही, त्यात क्लासचा उपयोग होत असेल. पण दोन वर्षं छापील नोट्सवर काढलेलं मूल एफवायच्या वर्गात बसतं तेव्हा फळ्यावरचं, बोललेलं, स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायची त्याला सवयच नसते. बारावीत असाल तर आठवड्यातून एक-दोन लेक्चरं तरी अशी निवडा, ज्यांच्या नोट्स तुम्ही स्वतः काढाल. अक्षर कसंही असो.

कला-वाणिज्यच्या मराठी माध्यमातल्या मुलांची अडचण वेगळी. उत्तरपत्रिका कदाचित पुढेही मराठीत लिहिता येईल, पण संदर्भपुस्तकं बरीचशी इंग्रजी. बारावीच्या सुट्टीत आपल्या आवडत्या विषयाचं एक इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून अर्धं जरी वाचून काढलं, तरी जुलै सोपा जातो.

गुणांची भाषाही बदलते. टक्के मागे पडतात, क्रेडिट आणि एसजीपीए (सत्राची गुणसरासरी) येतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, म्हणजे चार क्रेडिटचा विषय सत्रात साठ तासांचा. सत्राला साधारण वीस-बावीस क्रेडिटं मिळवायची. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), कौशल्याचे आणि भाषेचे विषय, आणि 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून दुसऱ्याच शाखेचा एखादा विषय. ज्युनिअरला विषय निवडायचे म्हणजे 'मॅथ्स की बायो' एवढाच प्रश्न असायचा. इथे चुकीचा मायनर घेतला तर तो पुढे सत्रामागून सत्र निस्तरावा लागतो. मैत्रीण घेतेय म्हणून विषय घेऊ नका. मेजर नक्की कधी ठरवायचा आणि बदलता येतो का, हे फॉर्म भरण्याआधी त्या विभागात जाऊन विचारा. कार्यालयात नको, विभागात.

वर्षभराने बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स, असंही आता आहे. अडीअडचणीत ते दार उपयोगी पडेल. पण आधीपासूनच 'एक वर्ष करून बघू' म्हणून आत शिरू नका. नोकरीच्या बहुतेक जाहिराती अजून पदवीच मागतात.

एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात बसायची मुभा, हा शब्द तर दोन्ही उंबरठ्यांवर भेटतो. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत बसता येतं, तीही एटीकेटी. बारावीला ती सवलत नाही. विषय राहिला की पुरवणी परीक्षा, आणि ती सुटेपर्यंत पदवीचं दार बंद. पदवीला मात्र राहिलेला विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं, किती विषयांपर्यंत ते विद्यापीठ ठरवतं. वरच्या वर्गातली मुलं सांगतात, "एटीकेटी सगळ्यांनाच लागते, काय टेन्शन घेतोस." ऐकून घ्या. पण त्या सत्राचे पाच विषय अधिक मागचे दोन, असा हिशेब शेवटी तुम्हालाच करायचाय.

आता कागदपत्रं. खिडकीशी बसून मी सगळ्यात जास्त रडू याच पायी पाहिलंय.

अकरावीच्या प्रवेशाला गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला यांवर काम भागतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज बारावीत असतानाच, ज्युनिअर कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी करायचा असतो. जात पडताळणी समितीकडे वेळ लागतो. वडिलांच्या किंवा काकांच्या नावाची वैधता घरात असेल तर ती आधी शोधा. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची जागा डोळ्यांदेखत जाते. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर 'पर्यंत वैध' अशी ३१ मार्चची तारीख असते, ती कोणत्या सालची आहे ते वाचा. बारावीत काढलेला दाखला जूनमध्ये शिळा झालेला असू शकतो.

नावाचं स्पेलिंग हे दुसरं दुखणं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं. ज्युनिअरमध्ये ते खपून जातं. पदवीला विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी) नंबर निघतो, क्रेडिटं साठवायला एबीसी (क्रेडिटांच्या बँकेचा) आयडी काढावा लागतो, शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या बँक खात्यात येते. एका 'एच'चा फरक या सगळ्यांत आडवा येतो. तो बारावीच्या वर्षातच दुरुस्त करून टाका.

सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) फॉर्मही बारावीच्या निकालासाठी थांबत नाहीत. एमएचटी-सीईटी लोकांना माहीत असते. पण २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसलाही सीईटी आहे, हे अजून कित्येक घरांत निकालानंतर कळतं. आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अकरावीपासून शिष्यवृत्ती घेत असाल तरी पदवीला नवा अर्ज करावा लागतो, जुन्याचं नूतनीकरण चालत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ती सवलत नाही, आणि वसतिगृहाचा खर्च वेगळाच.

आई-बाबांसाठीही एक गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाला तुम्ही रांगेत उभे राहिलात, ते बरोबर होतं. या वेळी फॉर्म मुलाला भरू द्या आणि तुम्ही शेजारी बसून फक्त वाचा. खिडकीशी "हिचा सीट नंबर काय?" असं विचारलं की उत्तर अजूनही बापाच्या खिशातून निघतं, आणि मुलगी शेजारी मोबाइल बघत उभी असते.

तर ती 'इथलीच' मुलगी. तिला मी सगळं समजावून सांगितलं. तिने नवा फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सहीसुद्धा आईला न विचारता केली. मग कळलं की दाखल्याची मूळ प्रत तिने दुसऱ्या एका कॉलेजात जमा केलीय आणि झेरॉक्स एकही काढून ठेवलेली नाही. ती परत मागायला निघाली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, आणि त्या कॉलेजची खिडकी दोनला बंद होते.