हौशी ड्रायव्हर, सरकारी रस्ता आणि सेकंदांचा हिशेब

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा ३१८ क्रमांकाचा महामार्ग एरवी सुनसान असतो. उत्तरेला लंड हे लहानसं गाव, दक्षिणेला हायको, आणि मध्ये ९० मैल, म्हणजे साधारण १४५ किलोमीटर, उजाड माळ, मोकाट चरणारी गुरं आणि एक वळणावळणाची खिंड. मुंबई-पुणे अंतर जवळपास एवढंच, पण वाटेत ना टपरी, ना टोलनाका. मे आणि सप्टेंबरातल्या एकेका रविवारी हा रस्ता सरकारी परवानगीने बंद होतो आणि ज्यांचा पोटापाण्याचा धंदा भलताच काही आहे अशी माणसं त्यावर आपापल्या गाड्या सोडतात. सप्टेंबरातल्या शर्यतीचं नाव ‘सिल्व्हर स्टेट क्लासिक चॅलेंज’. ती १९८८ पासून चालू आहे.

सार्वजनिक रस्त्यावर, तेही हौशी लोकांनी, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने गाडी हाणायची आणि पोलिसांनी रस्ता अडवून त्यांना मदत करायची, हा प्रकार आपल्याला अचाट वाटतो. पण मोटारशर्यतीचा जन्मच मुळी असल्या रस्त्यांवर झाला. १८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी शर्यत झाली, तेव्हा फ्रेंच मोटारनिर्माता एमिल लवासोर ४८ तासांहून जास्त वेळ जवळजवळ एकहाती गाडी चालवत पहिला आला. आठ वर्षांनी, १९०३ मध्ये, पॅरिस-माद्रिद शर्यतीत धुळीचे लोट, रस्त्यावर उतरलेली गर्दी आणि आवाक्याबाहेर गेलेला वेग यांनी इतके बळी घेतले की फ्रेंच सरकारने ती बोर्दोलाच थांबवली. मेलेल्यांत मार्सेल रेनॉ होता, रेनॉ कंपनीच्या संस्थापक भावांपैकी एक. त्यानंतर शर्यती हळूहळू बंदिस्त ट्रॅककडे वळल्या, पण रस्त्याची ओढ सुटली नाही.

इटलीत तर ती सणासारखी साजरी झाली. इटालियन ग्रांप्री ही मानाची शर्यत ब्रेशिया शहरातून मॉन्झाच्या ट्रॅकवर गेल्याने ब्रेशियाकर चिडलेले होते. तिथल्या चौघांनी १९२७ मध्ये ब्रेशिया-रोम-ब्रेशिया अशी सुमारे हजार मैलांची ‘मिल्ले मिलिया’ उभी केली. कारखान्यांच्या संघांबरोबर गावातला डॉक्टरही आपली छोटी फियाट घेऊन उतरू शकत असे. गाडीवरचा क्रमांक म्हणजे सुटायची वेळ. १९५५ मध्ये ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीझवर ७२२ होतं, कारण तो सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाला. शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सनने सगळा रस्ता आधी पालथा घालून वळणांच्या खुणा एका लांबलचक कागदी गुंडाळीवर उतरवल्या होत्या. ती उलगडत तो हाताने इशारे करत राहिला आणि दोघांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत शर्यत मारली.

दोनच वर्षांत सगळं संपलं. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ सरळ रस्त्यावर स्पॅनिश ड्रायव्हर अल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, त्याचा सहकारी एडमंड नेल्सन गेला आणि कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक गेले. त्यांत पाच मुलं होती. ज्यांनी शर्यतीत भाग घेण्याचं ठरवलंच नव्हतं ती माणसं मेली, आणि माझ्या मते मोकळ्या रस्त्यावरच्या जुन्या शर्यतीचं समर्थन तिथेच कोसळलं.

मेक्सिकोची कथा त्याहून रांगडी. पॅन-अमेरिकन महामार्गाचा मेक्सिकोतला भाग पुरा झाल्याचा गाजावाजा करायला सरकारने १९५० मध्ये ‘कॅरेरा पानामेरिकाना’ भरवली: उत्तरेला सिउदाद हुआरेस ते थेट ग्वातेमालाची सीमा. दुकानातून आणलेली साधी सेडान चालत होती, म्हणून हौशांची झुंबड उडाली आणि १३२ गाड्यांची नोंदणी झाली. जिंकला कोण? अमेरिकेतल्या ऑरेगॉनचा २२ वर्षांचा हर्शेल मॅकग्रिफ, ओल्ड्समोबील ८८ या अमेरिकी गाडीत. पुढच्या वर्षांत फेरारी, मर्सिडीझ, लान्सिया आल्या आणि हौशी मागे पडले. १९५२ मध्ये कार्ल क्लिंगच्या मर्सिडीझची काच एका गिधाडाने फोडली. शेजारचा हान्स क्लेंक रक्तबंबाळ झाला, तरी ते जिंकले. पुढच्या काचेपुढे त्यांनी नंतर सळया बसवल्या. पाच वर्षांत अनेक जीव घेऊन ही शर्यत १९५४ नंतर बंद पडली. तिचं पुनरुज्जीवन झालं ते १९८८ मध्ये, नेवाडाची शर्यत सुरू झाली त्याच वर्षी.

नेवाडात जमीन आधीच तयार होती. १९७४ पर्यंत तिथल्या गावाबाहेरच्या रस्त्यांवर आकड्यात वेगमर्यादाच नव्हती, वाजवी वेगाने चालवा एवढंच. मग तेलटंचाईच्या काळात देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि भारी इंजिनच्या गाड्या घेऊन बसलेल्यांचा जीव घुसमटला. त्यांना मोकळा रस्ता हवा होता, राज्याच्या त्या आडबाजूच्या भागाला पाहुणे हवे होते.

पण नेवाडाने जुन्या शर्यतीतली एक गोष्ट उलटी केली. तिथे बहुतेक गटांत सगळ्यांत वेगवान माणूस जिंकत नाही. ताशी ९५ मैलांपासून १८० मैलांपर्यंत, बहुतेक पाच-पाच मैलांच्या अंतराने, गट आहेत. तुम्ही आधी सांगायचं की मी सरासरी इतका वेग राखीन, आणि त्या वेळेच्या जो सर्वांत जवळ पोचेल तो पहिला. ११० मैलांचा गट घ्या. ९० मैल बरोबर ४९ मिनिटं ५.४५ सेकंदांत कापायचे. या वेगाला गाडी दर सेकंदाला जवळपास ४९ मीटर पुढे जाते, आणि निकाल मात्र सेकंदाच्या बारीकशा अंशांवर ठरतो. सुरुवात थांबलेल्या अवस्थेतून, म्हणजे पहिल्याच मैलात वेळेची उधारी. खिंडीत वळणांसाठी पाय उचलावा लागतो, तिथे पुन्हा उधारी. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर मांडीवर तक्ता आणि हातात स्टॉपवॉच घेऊन मैलाच्या खांबांवर नजर ठेवतो: ‘दोन सेकंद मागे’, ‘अर्धा पुढे’. उधारी फेडायला बेफाम सुटण्याची सोयही नाही, कारण प्रत्येक गटाला कमाल वेगाची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की बाद. नवख्याला वरच्या गटांत घेतच नाहीत.

बाकी काळजीही जुन्या अपघातांतूनच आलेली दिसते. गाड्या एकामागोमाग अंतर ठेवून सुटतात, खांद्याला खांदा लावून नाही. टायर त्या वेगासाठी प्रमाणित आहेत का, हे तपासनीस आदल्या दिवशी बारकाईने बघतात. हेल्मेट आणि अग्निशामक हवाच, आणि गट चढत जाईल तसा छताखाली पोलादी पिंजराही. वेगाची मर्यादा नसलेला एक ‘अमर्याद’ गटही ठेवला आहे, आणि २०१७ मध्ये तिथे सरासरी ताशी ३५३ किलोमीटरची नोंद झाली, पण तो मूठभरांचा खेळ.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेचा दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला. रात्री मरीन ड्राइव्हवर किंवा बायपासवर चालणारे प्रकार त्यात मोडतात आणि मोडायलाच हवेत. हिशेबाची शर्यत मात्र आपल्याला परकी नाही. वेळ-वेग-अंतर या तत्त्वावरच्या रॅली मुंबई-पुण्याकडच्या हौशी मंडळींच्या ओळखीच्या आहेत. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची मुंबईहून निघणारी महिलांची रॅली त्याच जातीची. तिथे रस्ता बंद नसतो, वेग कायद्याच्या आतच ठेवावा लागतो, आणि तपासणी नाक्यावर ठरल्या वेळेच्या आधी पोचलात तरी गुण कापले जातात.