डीव्हीडीसाठी ॲनिमेशनचे एन्कोडिंग

संगणकावर रेंडर केलेले (हिशेबाने चित्रांत उतरवलेले) ॲनिमेशन डीव्हीडी डिस्कवरून न अडखळता दिसावे म्हणून त्याचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा), फ्रेमरचना आणि कॉम्प्रेशन ठरवण्याची प्रक्रिया. हार्ड डिस्कवर झरझर चालणारी फाइल डिस्कवर गचके खाते, कारण डिस्क एका ठरावीक वेगापलीकडे डेटा देऊच शकत नाही. त्यामुळे या कामात सरासरीपेक्षा सर्वांत जड सेकंदाची काळजी घ्यावी लागते.

हा पेच सीडी-रॉमपासूनचा. सुरुवातीचे ड्राइव्ह सेकंदाला १५० किलोबाइट वाचत. ३२० × २४० पिक्सेलची, २४ बिट रंगांची चित्रे सेकंदाला १५ या दराने कच्चीच ठेवली, तर त्याच्या सुमारे साडेबावीस पट वेग लागतो. ‘मिस्ट’ (१९९३) या खेळात म्हणून बहुतेक दृश्ये स्थिर ठेवली होती आणि हलणारे भाग सिनेपॅक कोडेकने (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीने) दाबलेल्या क्विकटाइम फितींत होते.

डीव्हीडी-व्हिडिओत चित्र मुख्यतः एमपेग-२ या कॉम्प्रेशन पद्धतीने साठवतात. चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात. आवाज धरून एकूण मर्यादा १०.०८. एका थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिट. वीस मिनिटांच्या लघुपटाला जागेची अडचण नसते आणि तिथेच मोह होतो: लावा बिटरेट कमाल! पण घरी बर्न केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कइतका प्रकाश परावर्तित करत नाही. जुना प्लेअर वाचताना चुकतो, पुन्हा वाचतो आणि तेवढ्यात बफर (आगाऊ वाचून ठेवलेला साठा) रिकामा होतो. म्हणून अनुभवी मंडळी कमाल बिटरेट आठ मेगाबिटांच्या आसपास रोखतात. आवाजही कच्च्या, न दाबलेल्या पीसीएमऐवजी डॉल्बी डिजिटल या दाबलेल्या स्वरूपात दिला, की पीसीएमला लागणाऱ्या दीड मेगाबिटांतले बहुतेक वाचतात.

ॲनिमेशनचा स्वभाव इथे निराळा पडतो. सपाट रंगांचे कार्टून स्वस्तात दबते, मात्र त्याच्या ठसठशीत बाह्यरेषांभोवती मुंग्या आल्यासारखे दिसते. संथ छटांच्या आकाशात पट्टे उमटतात. किंचित ग्रेन (बारीक दाणेदारपणा) मिसळला की ते लपतात, पण तो ग्रेनही बिट खातो. त्रिमितीय रेंडरमधला नॉइज (नको असलेले ठिपके) तर प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो आणि एन्कोडर त्याला नवा तपशील समजून बिट उधळतो. तो रेंडरमध्येच, प्रत्येक पिक्सेलमागचे सॅम्पल (नमुने) वाढवून, निस्तरावा. एन्कोडरवर ढकलू नये. पाऊस, ठिणग्या, उधळलेला गुलाल ही सर्वांत महागडी दृश्ये. टू-पास व्हेरिएबल (दोन फेऱ्यांत ठरणाऱ्या, दृश्यागणिक बदलत्या) बिटरेटमध्ये एन्कोडर आधी पूर्ण फिल्म पाहतो आणि शांत दृश्यांतले बिट अशा ठिकाणी वळवतो. दृश्य बदलते तिथे नवी पूर्ण फ्रेम (आय-फ्रेम) पडलेली बरी.

सगळेच गचके बिटरेटचे नसतात. भारतातील पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि ७२० × ५७६ पिक्सेल असतात. ३० फ्रेमने रेंडर करून मागाहून २५ केले, तर कॅमेऱ्याची संथ सरक हमखास अडखळते. इंटरलेस रेंडरमध्ये (फ्रेमच्या सम आणि विषम ओळी दोन वेगळ्या फील्डांत) फील्डचा क्रम उलटा लागला, तर वस्तू पुढेमागे थरथरत सरकते. जुन्या पिक्चर ट्यूबवर एका पिक्सेलची आडवी रेघ लुकलुकते, म्हणून ती थोडी धूसर करतात. वेगवान हालचालीला मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) नसेल, तर डिस्क कितीही निर्दोष असो, चित्र तुटकच भासते.

रेंडर थेट एमपेगमध्ये न करता क्रमांकित चित्रांच्या मालिकेत केले, तर बिटरेट बदलताना पुन्हा रेंडर करावे लागत नाही. चाचणी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर घेतात, आणि तीही संगणकाच्या ड्राइव्हपेक्षा टीव्हीशेजारच्या जुन्यात जुन्या प्लेअरवर.