ट्रेंच गन : युद्धेतिहास आणि संग्रह

ट्रेंच गन : खंदकातील जवळच्या लढाईसाठी अमेरिकी लष्कराने पहिल्या महायुद्धात प्रचारात आणलेली आखूड नळीची, संगीन बसणारी बारा बोअरची छऱ्यांची बंदूक (शॉटगन). या वर्गात अनेक कंपन्यांचे नमुने मोडत असले, तरी विंचेस्टर कंपनीची १८९७ ची बंदूक त्यांत प्रमुख असून संग्राहकांची मागणीही तिलाच सर्वाधिक आहे. प्रस्तुत नोंदीत भर तिच्यावर आहे.

मूळ बंदुकीचा आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याचा. त्याच्याच १८९३ च्या नमुन्याला नव्या धूरविरहित दारूचा दाब पेलत नव्हता. ती उणीव दूर करून ही बंदूक सिद्ध झाली आणि १९५७ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. नळीखालच्या पोकळ दांड्यात पाच काडतुसे राहतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत जाते. घोडा बाहेर, उघडा असतो. चाप आणि घोडा यांची साखळी दर गोळीनंतर तोडणारा भाग या रचनेत नाही. त्यामुळे चाप दाबून धरला आणि नुसती मूठ मागेपुढे केली, तरी मूठ पुढे जाऊन बसताच गोळी सुटते. शिकारीत या गुणाचा उपयोग थोडा आणि धोका अधिक. खंदकात मात्र तो मोलाचा ठरला.

लष्करी आवृत्तीची नळी २० इंच (सुमारे ५१ सेंमी.) आहे. तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून तिच्यावर भोकांचे पत्र्याचे कवच बसवलेले असते आणि तोंडाशी १९१७ च्या लांब संगिनीसाठी जोडणी असते. लष्करी काडतुसात प्रत्येकी सुमारे ८.४ मिमी. व्यासाचे नऊ छर्रे असत.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक ट्रेंच गनचा आरंभ फिलिपीन्समधील युद्धापर्यंत (१८९९–१९०२) नेतात. त्या सुमारास अमेरिकी लष्कराने आखूड नळीच्या छऱ्याच्या बंदुका अल्प संख्येने खरेदी केल्या होत्या, हे बहुतेकांना मान्य आहे. पुढे फ्रान्समधील अमेरिकी फौजांचे नेतृत्व करणारे जनरल पर्शिंग त्याआधी फिलिपीन्समधील मोरो प्रांताचे गव्हर्नर होते (१९०९–१३). म्हणून ही कल्पना त्यांनीच तिकडून आणली, असेही सांगितले जाते. हा धागा आकर्षक असला तरी कच्चा आहे. फिलिपीन्समधील बंदुकांना ना कवच होते ना संगीन. पहारा आणि जवळचा बचाव एवढ्यापुरताच त्यांचा वापर दिसतो. ट्रेंच गन हा स्वतंत्र नमुना अमेरिका युद्धात उतरल्यानंतरचा, म्हणजे १९१७ चा धरणे अधिक सयुक्तिक होय. कवच व संगिनीची जोडणी कोणी योजली, याचे श्रेय कोणी स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागाराला देतात, तर कोणी विंचेस्टरला. दोघांच्या सहकार्याने ते घडले असावे, असे मानण्याकडे कल आहे.

या बंदुकीचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग रणांगणावरचा नसून राजनैतिक आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मन सरकारने स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीने अमेरिकेकडे निषेध नोंदवला. हेग नियमावलीच्या (१९०७) कलम २३ (ई) नुसार अनावश्यक यातना देणारी शस्त्रे निषिद्ध आहेत, असा त्याचा आधार होता. अशी बंदूक किंवा तिची काडतुसे बाळगणारा युद्धकैदी देहदंडास पात्र ठरेल, अशी धमकीही त्यात होती. अमेरिकी लष्कराच्या विधी विभागाने मत दिले की, छर्रे आणि तोफेच्या गोळ्यातून उडणारे तुकडे यांच्या परिणामात तत्त्वतः फरक नाही. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस निषेध फेटाळला आणि धमकी अंमलात आली तर अमेरिकाही प्रत्युत्तर देईल, असे बजावले. या कारणावरून कोणा अमेरिकी कैद्याला ठार केल्याची नोंद आढळत नाही. दीड महिन्यात युद्धच संपले. विषारी वायू आणि ज्वालाफेके वापरणाऱ्या पक्षाने छऱ्यांवर आक्षेप घ्यावा, यातील विसंगतीवर तेव्हापासून टीका होत आली आहे. मात्र या निषेधालाच बंदुकीच्या प्रभावाचा पुरावा मानणे, ही लोकप्रिय लेखनातील घाई होय. हातबॉम्ब हवेतच टिपण्यासाठी पटाईत नेमबाजांना या बंदुका दिल्या होत्या, ही कथाही याच जातीची. प्रत्यक्षात मोठी अडचण काडतुसांची होती. कागदी वेष्टनाची काडतुसे खंदकातील ओलीने फुगत आणि नळीत बसेनाशी होत, म्हणून पुढे पूर्ण पितळी काडतुसे काढावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात १८९७ च्या नमुन्याबरोबर विंचेस्टरचा १९१२ चा झाकलेल्या घोड्याचा नमुना, तसेच स्टीव्हन्स आणि इथाका या कंपन्यांच्या ट्रेंच गन घेण्यात आल्या. पॅसिफिक बेटांवरील दाट झाडीत मरीन सैनिकांनी त्या वापरल्या. व्हिएतनाम युद्धातही त्यांपैकी काही दिसतात. १९१७ च्या संगिनीचे उत्पादन व्हिएतनाम युद्धाच्या काळात याच बंदुकांसाठी पुन्हा सुरू करावे लागले.

संग्रह : अमेरिकेतील १९३४ च्या कायद्याने १८ इंचांपेक्षा कमी नळीच्या छऱ्याच्या बंदुकांवर कडक निर्बंध आले, ट्रेंच गनची नळी त्याहून लांब असल्याने ती साध्या बंदुकीप्रमाणे हाताळता येते. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी तेथे संग्राहकाचा वेगळा परवानाही आहे. बाजार मोठा असण्याचे हे एक कारण. अस्सल नग थोडे हे दुसरे. युद्धानंतर अनेक बंदुका पोलीस खात्यांकडे आणि तुरुंगांकडे गेल्या, तेथे त्यांची कवचे उतरवली गेली. इथाकाच्या दुसऱ्या महायुद्धकालीन ट्रेंच गन तर मुळातच फार थोड्या, म्हणून त्यांची किंमत विंचेस्टरपेक्षाही चढी असते.

अस्सलपणाची परीक्षा हा संग्राहकांचा खरा विषय. पहिल्या महायुद्धातील कवचावर भोकांच्या सहा ओळी असतात, १९४२ नंतरच्या कवचावर चार. पहिल्या युद्धातील चौकट (नळी व दस्ता यांमधला धातूचा भाग) अखंड, तर दुसऱ्या युद्धातील बहुतेक बंदुका दोन भागांत सुट्या होणाऱ्या. चौकटीवर यू.एस. ही अक्षरे आणि ज्वाला निघणाऱ्या बॉम्बची लष्करी मुद्रा असते. दुसऱ्या युद्धातील दस्त्यावर तपासणी अधिकाऱ्याची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात : जी.एच.डी. म्हणजे गाय एच. ड्र्यूरी, डब्ल्यू.बी. म्हणजे वॉल्डेमार ब्रोबर्ग. अडचण अशी की, कवच दोन-चार स्क्रूंचे काम आहे आणि मुद्रा ठोकायला हातोडी पुरते. शिकारीची जुनी बंदूक कापून, नवे कवच चढवून ‘ट्रेंच गन’ म्हणून विकण्याचे प्रकार जुने आहेत. चीनमधील नोरिंको कंपनीनेही हुबेहूब प्रतिकृती काढली, मात्र ती उघडपणे प्रतिकृती म्हणूनच विकली. म्हणून जाणकार आधी मुद्रेच्या कडा पाहतात. मुद्रा आधी आणि निळसर रंग नंतर, असा कारखान्याचा क्रम असल्यास अक्षरांच्या खोबणीतही तोच रंग उतरलेला असतो. रंग फुटून आत चकचकीत धातू दिसला, तर शंका घ्यावी. कारखान्याच्या नोंदींचा आधार फारसा मिळत नाही. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टरच्या नोंदी आहेत, पण या नमुन्याच्या आरंभीच्या क्रमांकांपुरत्याच.

भारतात ट्रेंच गनचा प्रसार झाल्याचे दिसत नाही. जवळचे उदाहरण द्यायचे तर इशापूर कारखान्याने ली-एनफील्ड रायफलीच्या नळ्या गुळगुळीत करून बनवलेली .४१० बोअरची एकबारी मस्केट. ती पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी होती. परदेशी संग्राहक आज ती आवडीने घेतात. मात्र तिचे काडतूस .३०३ च्या कोशावर बेतलेले असल्याने बाजारातले .४१० काडतूस तिला चालत नाही, आणि ते चालावे म्हणून फेरफार केलेल्या मस्केटींची किंमत घसरते. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर भारतात एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात, वारसाने आलेल्याही त्यांतच मोजल्या जातात.