पार्श्वभूमी : पहिल्या 'गंडम'चे गुणदोष आले कुठून?

अंग पांढरं, छाती निळी, पोट लाल आणि कपाळावर पिवळी शिंगं. आपलं लढाऊ यंत्र असं कुठलं सैन्य रंगवेल? १९७९ सालची 'मोबाइल सूट गंडम' ही महाकाय रोबोटांची जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतो, आणि मालिकेचं मूल्यमापन करताना तो हमखास दोषांच्या रकान्यात जाऊन बसतो. युद्धाची वास्तववादी कथा म्हणवता आणि नायकाचं यंत्र जत्रेतल्या खेळण्यासारखं? उत्तर अगदी साधं आहे. ते खेळणंच होतं. मालिकेमागे पैसा होता क्लोव्हर या खेळण्यांच्या कंपनीचा. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना पांढरं यंत्र हवं होतं, तर दुकानाच्या फळीवर पोरांची नजर खेचून घेणारे रंग कंपनीला हवे होते. पडद्यावर दिसते ती या दोघांमधली तडजोड.

ही ओढाताण गंडमच्या आधीपासूनची. मित्सुतेरु योकोयामांचा 'तेत्सुजिन २८' १९५६ मध्ये चित्रकथेत आला आणि १९६३ मध्ये अ‍ॅनिमे होऊन टीव्हीवर. तो राक्षसी रोबोट रिमोटवर चालायचा. ज्याच्या हाती पेटी, त्याचा रोबोट. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिलेल्यांना मनगटी घड्याळात तोंड घालून रोबोटला हुकूम सोडणारा पोरगा आठवत असेल. तोही याच योकोयामांच्या डोक्यातून निघालेला. १९७२ मध्ये गो नागाईंच्या 'माझिंगर झेड'ने नायकाला उचलून थेट रोबोटच्या डोक्यात बसवलं. रोबोटला बसलेला तडाखा आता आत बसलेल्या मुलालाही लागू लागला. १९७४ मध्ये त्याच माझिंगरचं धातूचं वजनदार खेळणं 'चोगोकिन' नावाने बाजारात आलं आणि तुफान खपलं. त्यानंतर गणित उलटं झालं. खेळणं आधी ठरायचं, गोष्ट मागून. तीन गाड्या जुळून एक रोबोट, मग पाच जुळून एक, आणि दर आठवड्याला एक नवा राक्षस, कारण राक्षसही विकायचे असत.

तोमिनो याच कारखान्यात घडले. 'रायदीन' या रोबोट मालिकेवरून १९७५ मध्ये त्यांना निम्म्यातच बाजूला करण्यात आलं. १९७७ च्या 'झॅम्बॉट ३'मध्ये त्यांनी पहिल्यांदा हिशेब मांडला की दोन महाकाय यंत्रं गावात झुंजली तर घरं कुणाची पडतात. त्यातले निर्वासित नायकाच्या कुटुंबालाच दगड मारतात. शत्रू पकडलेल्या माणसांच्या शरीरात बॉम्ब पेरून त्यांना घरी पाठवून देतो. आणि हे सगळं मुलांच्या वेळेत, खेळण्यांच्या जाहिरातींच्या मधोमध. कंपनीला हवा तो रोबोट द्यायचा आणि त्याच्या पोटातून आपली गोष्ट आत न्यायची, ही तोमिनोंची रीत इथे पक्की झाली.

'गंडम' ७ एप्रिल १९७९ पासून नागोयाच्या वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागू लागली. निर्मिती निप्पॉन सनराइझची, यंत्रांची रेखाटनं कुनिओ ओकावारांची, माणसांची योशिकाझु यासुहिकोंची. सुरुवातीचं निवेदनच सांगतं की युद्धाच्या पहिल्या महिन्याभरात निम्मी मानवजात मेली. पंधरा वर्षांचा आमुरो अवकाशातल्या वसाहतीत राहतो. शत्रूची झाकू नावाची लढाऊ यंत्रं आत घुसतात, लोक मरू लागतात आणि हा पोरगा सापडलेली माहितीपुस्तिका चाळत गंडममध्ये शिरतो. पहिला झाकू तो कापतो आणि झाकूची अणुभट्टी फुटते. त्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि ज्या बापाने हे यंत्र घडवलं तोच त्या भोकातून बाहेर अवकाशात ओढला जातो. दुसऱ्या झाकूच्या वेळी आमुरो शहाणा झालेला असतो. भट्टी फुटू नये म्हणून तो नेमका चालकाच्या खोलीत वार करतो. म्हणजे पहिल्याच भागात नायक काय शिकला, तर यंत्र वाचवून माणूस कसा मारायचा. आधीच्या कुठल्याही रोबोट मालिकेने आपल्या नायकाला हा धडा दिला नव्हता, आणि मला विचाराल तर गंडमचं सारं बळ या अडीच-तीन मिनिटांत आहे.

तेराव्या भागात आमुरो आईला भेटतो. निर्वासितांच्या छावणीत शत्रूचे शिपाई तपासणीला येतात. आई त्याला आजारी म्हणून खाटेवर झोपवते, आणि तो पांघरुणाआडूनच गोळी झाडतो. त्यांनाही लेकरंबाळं असतील रे, असं आईच म्हणते. पोरगा वाचला याच्या आनंदाआधी तो किती रानटी झाला याचा धक्का तिला बसतो. भांडण मिटत नाही. तो सलाम ठोकून निघून जातो.

मग प्रश्न येतो यंत्रांचाच. अवकाशयुगात अठरा मीटरची माणसासारखी यंत्रं तलवारी घेऊन का लढतील? दुरून क्षेपणास्त्र सोडून मोकळं का होऊ नये? त्यासाठी 'मिनोव्स्की कण' नावाची युक्ती काढली गेली. हे कण पसरले की रडार आंधळं होतं आणि समोरासमोर भिडण्याला पर्याय उरत नाही. उघड उघड सबब आहे ही. पण एकदा मांडली ती शेवटपर्यंत इमानाने पाळली, म्हणून तिचं शास्त्र झालं. रोबोट कथेत चूक सबब सांगण्यात नसते, सांगून विसरण्यात असते.

दोषांकडे येऊ, कारण तेही खरे आहेत. पूर्वार्धात आठवड्याला एक शत्रू, एक नवं यंत्र हा जुना साचा ठळक दिसतो. गोळीबाराची तीच ती चित्रं पुन्हा पुन्हा वापरली आहेत. मध्येच जी-फायटर नावाचं लढाऊ विमानाचं एक धूड अवतरतं, ते कथेला नको होतं, दुकानाला हवं होतं. उत्तरार्धात यासुहिको आजारी पडून रुग्णालयात गेले आणि त्यांचा हात नसलेले चेहरे लगेच ओळखू येतात. सगळ्यांत मोठा घाव मात्र वेगळाच. खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ वर आटोपायला लावली. याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती लाला सून या पात्राने. (मराठी कानाला हे आडनाव गमतीदार वाटतं खरं, आणि तिच्या कपाळावर टिकलीही आहे.) नवी माणसं, शब्दावाचून मन जाणणारी, हा मालिकेचा सर्वांत मोठा विचार तिच्या तोंडी आहे. ती चौतिसाव्या भागात भेटते आणि एकेचाळिसाव्यात मरते. आमुरोशी तिचं नातं जुळायला इतका कमी वेळ मिळतो की ते आपण पटवून घेतो, अनुभवत नाही. शेवट गाजला तरी हा भाग घाईचाच आहे, असं माझं मत कायम आहे.

२६ जानेवारी १९८० ला मालिका संपली. त्याच जुलैत बांडाई या खेळण्यांच्या दुसऱ्या कंपनीने प्लास्टिकचे जुळवायचे संच काढले. त्यातला १/१४४ मापाचा गंडम ३०० येनला मिळायचा. क्लोव्हरने लहान पोरांसाठी चकचकीत रोबोट विकला होता. हे संच घेतले जरा मोठ्यांनी, ज्यांना मालिकेत युद्ध दिसलं होतं. पोरं झाकूही विकत घेऊन जुळवू लागली आणि रंगवताना त्यावर गोळ्यांच्या खुणा काढू लागली. क्लोव्हर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. २२ फेब्रुवारी १९८१ ला टोकियोच्या शिंजुकू स्थानकाबाहेर चाहत्यांच्या गर्दीपुढे 'अ‍ॅनिमेच्या नव्या युगा'चा जाहीरनामा वाचला गेला आणि पुढच्याच महिन्यात मालिकेतून कापून बेतलेला पहिला चित्रपट लागला. चित्रपटांत तोमिनोंनी जी-फायटर काढून टाकला. तिसऱ्या चित्रपटात बऱ्या झालेल्या यासुहिकोंनी बरीच दृश्यं नव्याने काढली. आपल्या मालिकेतलं काय खटकतं, याची कर्त्यांनीच दिलेली यादी म्हणून हे तीन चित्रपट पाहावेत.

पुढे 'रिअल रोबोट' (युद्धातलं साधं यंत्र) आणि 'सुपर रोबोट' (माझिंगरसारखा महावीर) अशा दोन पेट्या झाल्या आणि परीक्षण करणाऱ्यांच्या हातात एक सोपी पट्टी आली. दारूगोळा संपतो का, यंत्र बिघडतं का, राजकारण आहे का? पट्टी चांगली, पण ती माझिंगरला लावली की अन्याय होतो. १९९५ ची 'इव्हान्गेलियन' ही रोबोट मालिका तर त्या पट्टीत मावतच नाही. शेवटच्या दोन भागांत रोबोटची लढाई बाजूलाच राहते आणि मुलाच्या मनातली उलघाल तेवढी उरते.

गंडमच्या सर्वांत वाईट भागाबद्दल चाहत्यांचं एकमत आहे. पंधरावा भाग, कुकुरुझ दोआनचं बेट. सैन्य सोडून अनाथ मुलांना सांभाळणारा शिपाई ही गोष्ट सुरेख, पण चित्रं इतकी ढासळलेली की त्याचा झाकू लांब नाकाचा आणि हडकुळा दिसतो. तोमिनोंच्या इच्छेवरून अमेरिकेत हा भाग दाखवलाच गेला नाही. २०२२ मध्ये यासुहिकोंनी त्याच कथेवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात दोआनच्या झाकूचं नाक मुद्दाम तसंच लांब ठेवलं आहे, आणि बांडाईने त्या लांब नाकाचा संचही विक्रीला आणला.