बेटकास्टिंग रिळाची किंमत नेमकी कशात असते?

वाघूर धरणाच्या काठावर किंवा हतनूरच्या फुगवट्यात, पाणवनस्पतींच्या कडेकडेने रबरी बेडूक फेकून मरळ पकडणारे हौशी तरुण आता खानदेशात नवलाचे राहिलेले नाहीत. यांपैकी अनेकांच्या हातात बेटकास्टिंग रीळ असते, आणि रीळ घ्यायचे ठरले की पहिला घोळ किमतीचाच होतो. ऑनलाइन बाजारात अडीच-तीन हजारांचे रीळ मिळते आणि चाळीस-पन्नास हजारांचेही मिळते. दोन्ही मुठीत मावतात, दोन्हींना एक दांडा, एक चांदणीच्या आकाराचे ड्रॅगचे (मासा ओढू लागल्यावर दोरी किती जोराने सुटावी हे ठरवणारे) चाक आणि अंगठ्याखाली एक कळ असते, आणि दोन्हींचे काम दोरी सोडणे व परत गुंडाळणे एवढेच. मग तेरा ते वीस पटींचा फरक कशाचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जाहिरातीतील आकड्यांपेक्षा शाळेत शिकलेल्या जडत्वात अधिक सापडते.

स्पिनिंग रिळात दोरी फेकताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, स्थिर असतो आणि दोरी त्याच्या टोकावरून वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टिंग रिळात मात्र स्पूल स्वतःच गरगर फिरतो आणि आमिष त्याच्यावरची दोरी ओढत पुढे जाते. संक्रांतीला पतंगाची चक्री दोन बोटांवर सैल धरली आणि पतंगाचा ओढा अचानक कमी झाला, तर चक्री फिरतच राहते आणि मांजा सैल पडून गुंता होतो. बेटकास्टिंगमधील ‘बॅकलॅश’ हा अगदी तोच प्रकार आहे. फरक वेगाचा. चौतीस मिलिमीटर व्यासाच्या स्पूलचा घेर सुमारे 10.7 सेंटिमीटर भरतो. आमिष सेकंदाला 25 मीटर वेगाने निघाले, तर स्पूलला सेकंदाला जवळजवळ 234 फेरे, म्हणजे मिनिटाला 14 हजार फेरे घ्यावे लागतात, आणि तेही स्थिर अवस्थेतून क्षणार्धात. त्यानंतर हवेच्या विरोधामुळे आमिषाचा वेग लगेच घटू लागतो, पण स्पूलला हवेचा तसा विरोध नसल्याने तो आपल्याच धुंदीत फिरत असतो. लागेल त्यापेक्षा जास्त दोरी सुटते, ती स्पूलवरच फुगते आणि पुढचा अर्धा तास नखांनी गाठी उकलण्यात जातो.

महागड्या रिळाचा बराचसा पैसा हा एवढा एक प्रश्न सोडवण्यात खर्च झालेला असतो. पहिला उपाय स्पूल हलका करण्याचा. स्पूलच्या कडेचा वेग आणि दोरीचा वेग सारखाच असतो. त्यामुळे कडेजवळचे प्रत्येक ग्रॅम वजन आमिषालाच बांधल्यासारखे ओझे होते. ढोबळ हिशोब मांडू. समजा, एका साध्या रिळाच्या स्पूलचे व दोरीचे मिळून असे 10 ग्रॅम ओझे आहे आणि पातळ भिंतींच्या, उथळ, महागड्या स्पूलमध्ये ते 5 ग्रॅमवर आले. आमिष 5 ग्रॅमचे असेल, तर एकूण ओझे 15 वरून 10 ग्रॅमवर येते, म्हणजे एक तृतीयांशाने घटते. पण मरळीसाठी वापरतात तसा 20 ग्रॅमचा बेडूक असेल, तर 30 चे 25 होतात आणि घट जेमतेम एक षष्ठांश उरते. हलक्या स्पूलची सगळी शोभा हलक्या आमिषात आहे. जपानी कंपन्या दोन-तीन ग्रॅमच्या आमिषांसाठी 28 मिलिमीटरच्या आसपासचे इवलेसे स्पूल बनवतात. ते कौतुकास्पद असतात, पण गवतात शिरलेली मरळ ओढून काढणाऱ्या जाड, विणीच्या (ब्रेड) दोरीने ते चार वेढ्यांतच भरून जातील.

दुसरा उपाय ब्रेकचा, आणि येथे अभियंत्यांनी खरी बुद्धी लावलेली आहे. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलसोबत फिरणारे छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेच्या पट्टीवर घासतात. हे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फेकीच्या आरंभी ब्रेक जबर लागतो आणि वेग निम्मा झाला की ब्रेक चौथाईवर येतो. फेक त्यामुळे लांब जाते, पण शेवटचा ताबा अंगठ्यालाच ठेवावा लागतो. चुंबकीय ब्रेकमध्ये काहीच कशाला घासत नाही. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नसले तरी चुंबकाजवळ फिरू लागले की त्याच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उमटतात, आणि लेंझ यांनी 1834 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ते प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध करतात. हा विरोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. त्यामुळे वेग ओसरल्यावरही तो बऱ्यापैकी शिल्लक राहतो. गुंता टळतो, पण फेकीचे शेवटचे काही मीटर कापले जातात.

उंची रिळे या दोन्हींमधील तडजोड अधिक नेटकी करतात. दाइवा या जपानी कंपनीच्या वरच्या श्रेणीतील रिळांत स्पूलला जोडलेला ॲल्युमिनियमचा नळीवजा भाग वेग वाढताच सरकून चुंबकांच्या क्षेत्रात जातो आणि वेग कमी झाल्यावर स्प्रिंगच्या जोराने मागे येतो. म्हणजे गरज असेल तेव्हाच ब्रेक. शिमानोच्या डीसी (डिजिटल कंट्रोल) रिळात तर एक सूक्ष्म संगणकच बसवलेला असतो. स्पूल फिरताना त्यातूनच वीज निर्माण होते, त्यामुळे बॅटरी लागत नाही, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाने वेग मोजून विद्युत ब्रेक कमी-जास्त केला जातो, असे कंपनी सांगते. असे रीळ फेकताना येणारी बारीक, किणकिणती शीळ एकदा ऐकली की विसरत नाही. (त्या शिळेपोटीही काही जण जास्तीचे पैसे मोजतात, हे कबूल करायला हवे.) मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे डीसी तंत्र आता केवळ अँटारेस किंवा कलकत्ता काँक्वेस्टसारख्या शिखरावरच्या मॉडेलांत राहिलेले नाही, ते त्याच कंपनीच्या एसएलएक्स डीसीसारख्या मध्यम किमतीच्या रिळातही उतरलेले आहे. दाइवाचा टी-विंग, म्हणजे फेकताना दोरीला वरच्या रुंद फटीतून मोकळे सोडणारा आणि गुंडाळताना खालच्या अरुंद खाचेत धरणारा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा मार्गदर्शक, हाही टॅटुला या तुलनेने स्वस्त मालिकेत मिळतो. फेकीपुरते बोलायचे, तर मधल्या श्रेणीत आज जे मिळते त्याच्या फार पुढे वरची श्रेणी गेलेली नाही.

या यंत्राचा वंश पाहिला, तर अशी बारीक कारागिरी त्यात का शिरली हे उमगते. दांड्याच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे करणारे रीळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील केंटकी राज्यात घडले, आणि त्याचे श्रेय जॉर्ज स्नायडर या घड्याळजीला दिले जाते. रिळांसाठी ओळखली जाणारी स्वीडनची आबू ही कंपनी 1921 मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झाली. त्याच वर्षी जपानमधील साकाई शहरात शिमानोने सायकलची फ्रीव्हील बनवायला घेतली. मासेमारीच्या साहित्याकडे ती 1970 मध्ये वळली.

फेकीनंतर येते गुंडाळणे, आणि तेथे पैसा दातेरी चाकांत व सांगाड्यात असतो. गिअरचे प्रमाण 7.4 असेल, तर 34 मिलिमीटरच्या भरलेल्या स्पूलवर दांड्याच्या एका फेऱ्यात सुमारे 79 सेंटिमीटर दोरी येते, 6.3 असेल, तर 67. मरळीने बेडूक गिळल्यावर सैल दोरी झपाट्याने ओढून घेण्यासाठी मोठे प्रमाण कामाचे, पण त्याच मापाने दांड्याला जोर जास्त लागतो. हे आकडे स्वस्त रिळातही सारखेच छापलेले असतात. फरक पडतो तो दात किती अचूक कापलेले आहेत आणि ओझे आल्यावर ते एकमेकांशी सरळ राहतात की नाही यात. पितळेची घनता घन सेंटिमीटरला साधारण 8.5 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7, म्हणून वजन घटवण्याच्या हौसेने मुख्य गिअर ॲल्युमिनियम मिश्रधातूचा केला की रीळ हलके होते, पण झीज लवकर होते. सांगाड्याचेही तसेच. मॅग्नेशियमची घनता 1.74 असल्याने दीडशे ग्रॅमच्या आसपासची रिळे त्यातून होतात, आणि दिवसभर फेकणाऱ्या मनगटाला तो फरक कळतो. अखंड ॲल्युमिनियमचा, गोल बांध्याचा कलकत्ता काँक्वेस्ट त्यापेक्षा चांगलाच जड असूनही त्याची किंमत वरच्याच रांगेत असते, कारण ओढा आला तरी त्याचा सांगाडा वाकत नाही आणि म्हणून दात दातांत नीट बसून राहतात. हलकेपणा आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टींसाठी आपण पैसे मोजतो, आणि मरळ पकडणाऱ्याने माझ्या मते दुसरी निवडावी.

बेअरिंगच्या संख्येवर तर मुळीच भाळू नये. खोक्यावर ‘10+1’ असे छापलेले असते. त्यातील अधिक एक म्हणजे दांडा उलटा फिरू न देणारे एकदिशा बेअरिंग, आणि उरलेल्यांपैकी दोन ते चार केवळ दांड्याच्या मुठींत बसवलेली असतात. फेकीशी संबंध येतो तो स्पूलच्या आसाला धरणाऱ्या दोन-तीन बेअरिंगांचाच. ती उत्तम असतील, तर सहा बेअरिंगांचे रीळ बारा बेअरिंगांच्या रिळावर सहज मात करते.

ड्रॅगबद्दल थोडक्यात. मरळीला झुडपात शिरू द्यायचे नसल्याने ड्रॅग जवळजवळ आवळूनच ठेवतात, तेव्हा कार्बनच्या चकत्यांचा मऊपणा तेथे वाया जातो. कटला, रोहू यांच्यासाठी तळाला आमिष टाकून बसणाऱ्याला तर बेटकास्टिंग रिळाची गरजच नाही. साधे स्पिनिंग रीळ पुरे.

खानदेशाच्या दृष्टीने आणखी एक हिशोब मांडावा लागतो, जो जपानी माहितीपत्रकात नसतो. उंची रिळांवरचे गंजरोधक थर आणि सीलबंद बेअरिंगे यांचा मोठा भाग समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी असतो. तापी-गिरणेच्या गोड्या पाण्यात त्याची किंमत वसूल होत नाही. येथील शत्रू वेगळे आहेत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि बंद गाडीत ठेवलेल्या रिळातील तेल पातळ होऊन बेअरिंगमधून पाझरते. काठावरची काळी माती वाळली की तिची पिठासारखी धूळ उडते. दोरीला सारखे पसरवण्यासाठी डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या मार्गदर्शकाच्या खाली एक आडवा, दुहेरी आट्यांचा दांडा असतो; तो बहुधा पूर्ण झाकलेला नसतो. उन्हाळा संपताना त्याच्याकडे भिंग लावून पाहावे. ग्रीस आणि धूळ मिळून आट्यांच्या तळाशी काळी, करकरीत लुगदी बसलेली दिसते, आणि त्या आट्यांतून धावणारी पितळी जीभ एका बाजूने चकाकत झिजलेली आढळते. हा भाग पाच हजारांच्या रिळात जसा झिजतो, तसाच पन्नास हजारांच्याही. दात घासण्याचा जुना ब्रश, थोडे रॉकेल आणि मग ग्रीसचा पातळ हात, यावर रिळाचे आयुष्य किमतीइतकेच अवलंबून असते.

हे सगळे ताडून पाहिले, तर किंमत आणि उपयोग यांची वाट एका ठिकाणी फुटते. तीन हजारांवरून बारा-पंधरा हजारांवर जाताना ब्रेक, गिअर आणि स्पूलची बेअरिंगे या तिन्हींत ठळक सुधारणा होते. फेक लांबते, गुंता घटतो, रीळ टिकते. पंधरावरून चाळीसवर जाताना वजनातून काही दशक ग्रॅम जातात, दांडा लोण्यासारखा फिरतो, आणि अगदी हलकी आमिषे फेकता येतात. हातात रेशमी वाटणारी ती सफाई खरी असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण 20 ग्रॅमच्या बेडकाला ती कळत नाही. वाचलेल्या पैशात चांगला रॉड आणि दर्जेदार ब्रेड दोरी घ्यावी. शिवाय आपल्याकडील बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारणे ओघाने आलेच.

ज्यांना तरीही वरच्या श्रेणीचेच रीळ हवे, त्यांनी जपानी बाजारातून थेट मागवण्याआधी सीमाशुल्क धरून किंमत काढावी आणि सुटे भाग भारतात मिळतील का हे विचारून घ्यावे. मुख्य गिअर, पिनियन (त्याला जोडलेले लहान दातेरी चाक) आणि ती पितळी जीभ एवढे तीन भाग मिळत असले, तरी पुष्कळ झाले. जुने रीळ घेणेही वाईट नाही. ते हातात आल्यावर ड्रॅग आवळावा, दुसऱ्याला दोरी ताणून धरायला सांगावे आणि दांडा अगदी सावकाश फिरवावा. मोकळे फिरवताना सगळीच रिळे गोड लागतात. ओझ्याखाली दाताला दात लागल्याची थरथर बोटांना जाणवली, तर गिअर झिजलेला आहे. मग कळ दाबून स्पूल अंगठ्याने फिरवावा, रीळ कानाशी धरावे, आणि खरखर ऐकू आली तर बेअरिंग बदलण्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करून मागावा.