आकड्यासोबत त्याचा अर्थही जायला हवा

वार्षिक अहवालात ‘१,२५०’ असा आकडा छापलेला असतो. वाचणारा डावीकडे ‘महसूल’ पाहतो, वर वर्ष पाहतो, कोपऱ्यातली ‘रक्कम दशलक्षांत’ ही बारीक सूचना पाहतो आणि मग त्याला अर्थ लागतो. पीडीएफ उघडणाऱ्या संगणकाला मात्र ते नुसते चार अंक. म्हणून बँक, नियामक, विश्लेषक असे सगळे तोच आकडा आपापल्या तक्त्यात पुन्हा भरत बसतात आणि दर वेळी चूक व्हायला वाव राहतो.

यावरचा उपाय म्हणजे एक्सबीआरएल हे आर्थिक अहवाल यंत्राला वाचता यावेत यासाठीचे प्रमाणित स्वरूप. अमेरिकी लेखापाल चार्ल्स हॉफमन यांनी १९९८ मध्ये एक्सएमएलच्या, म्हणजे माहितीला खुणा लावण्याच्या संगणकीय भाषेच्या, आधारे त्याची सुरुवात केली. यात आकड्याला टॅग, म्हणजे ओळखीची खूण, लागतो: संकल्पना कोणती, संस्था कोणती, कालावधी कोणता, चलन कोणते, अचूकता किती. नफा वर्षभराचा असतो, रोख शिल्लक एका तारखेची. हा फरकही नोंदवावा लागतो. संकल्पनांच्या अधिकृत कोशाला टॅक्सोनॉमी म्हणतात. त्यात व्याख्या, नावे-जमा बाजू आणि बेरजेचे नियम असतात. इनलाइन पद्धतीत हे टॅग वाचनीय पानातच दडलेले असतात, त्यामुळे माणूस आणि यंत्र एकच फाइल वाचतात.

खरा फायदा दिसतो तो तपासणीत. समजा, महसूल तोच १,२५० आहे, खर्च कंसात ‘(३४०)’ असा छापलाय आणि कंस पाहून टॅगलाही उणे चिन्ह दिले. खर्च मुळात वजाच होणार असतो. आता तो वजा होण्याऐवजी मिळवला जातो. नियमाप्रमाणे नफा १,५९० येतो, अहवालात असतो ९१०, आणि तपासणी सॉफ्टवेअर लगेच इशारा देते.

पटाची, म्हणजे आकडा दशलक्षांत की हजारांत याची, चूक जास्त फसवी. दशलक्षाऐवजी हजार निवडले, की १२५ कोटींचे साडेबारा लाख होतात. पानावरचे सगळेच आकडे असे हजारपटीने घसरले तर बेरजा जुळतात आणि बेरजेची तपासणी गप्प राहते. तिथे मागच्या वर्षाच्या सादर केलेल्या आकड्यांशी तुलना हाच भरवशाचा मार्ग.

तिसरी अडचण सवयीची आहे. कोशात योग्य टॅग असूनही ‘आमचा खर्च वेगळा’ म्हणत कंपन्या स्वतःचा टॅग बनवतात. फाइल तांत्रिकदृष्ट्या बिनचूक ठरते, पण शंभर कंपन्यांची तुलना करताना तो आकडा बाहेरच राहतो. युरोपीय संघाच्या नियमांत म्हणूनच असा टॅग कोशातल्या सर्वांत जवळच्या व्यापक संकल्पनेशी जोडावा लागतो. स्वतःचा टॅग बनवण्याआधी कोशातली व्याख्या पूर्ण वाचावी, नुसते नाव नव्हे. नाव निराळे वाटले तरी व्याख्येत आपला खर्च बसतो, असे अनेकदा आढळते.